खड्डा खांबाचा की रोपाचा

मी एक जुनी कुदळ आहे.

म्हणजे लोखंड जुनं आहे. दांडा यंदाचाच आहे. तेव्हा मित्रांनो, मी जुनी की नवी हे तुम्हीच ठरवा. मला ते ठरवता आलेलं नाही. तसं मला बरंच काही ठरवता येत नाही, आणि त्याला कारण माझी घडण आहे. माझ्या एका बाजूला टोक आहे, दुसऱ्या बाजूला चपटं पातं आहे, आणि दोघं जन्मापासून एकमेकांकडे पाठ करून आहेत. टोक पुढे बघत असतं तेव्हा पातं मागे बघत असतं. एकाच गोष्टीकडे आम्ही कधी मिळून बघितलंच नाही.

मी राहते मावळात, लोणावळ्याजवळच्या कुरवंडे गावात, बजरंगच्या गोठ्यात. माझी हकिकत मी घाव घालत घालत सांगणार आहे. एखादा घाव मऊ मातीत जाईल, एखादा दगडावर बसेल. दगडावर बसला की मी थांबेन, थोडी बाजूला सरकेन आणि पुन्हा घालीन. मला काम करायची दुसरी रीत येत नाही.

पहिला घाव

वडगावच्या बाजाराच्या कडेला एक लोहार पाल टाकून बसायचा. त्याने मला घडवलं. तो गिऱ्हाइकाला सांगायचा, "रेल्वेचं जुनं लोखंड हाय, नातवापातुर चालंल." त्याची बायको भाता फिरवता फिरवता म्हणायची, "कशाला थापा मारता? ट्रकचा पाटा हाय त्यो." मी तेव्हा लालबुंद होते आणि माझ्यावर घण पडत होता, त्यामुळे खरं काय ते मला माहीत नाही. रेल्वेचं असेल तर ते लोखंड समुद्रापलीकडून आलं असेल. ट्रकचं असेल तर देशभर हिंडलं असेल. मावळच्या मातीतलं मात्र ते नक्की नव्हतं. ही गोष्ट तेव्हा मला काहीच वाटली नाही. पुढे ती मला फार छळणार होती.

बजरंग तेव्हा नुकतं लग्न झालेला गडी होता. त्याने मला दगडावर वाजवून पाहिलं. आवाज आवडला असावा. घरी नेऊन त्याने माझ्या नेढ्यात, म्हणजे दांडा जातो त्या भोकात, धामणीच्या लाकडाचा दांडा बसवला आणि वरून पाचर ठोकली. त्या दिवशी मी कुदळ झाले.

दुसरा घाव, मऊ मातीत

त्या वर्षांत डोंगर हिरवे करायची मोहीम निघाली होती. गावाच्या वर खडीचा माळ आहे. ते गावाचं गायरान, सगळ्यांच्या गुरांनी चरायची सामायिक जमीन. तिच्या कडेने झाडं लावायचं ठरलं. जीपमधून एक साहेब आले. म्हणाले, हे गिरिपुष्प. भराभर वाढतं, पाणी मागत नाही, गुरं तोंड लावत नाहीत. दूरच्या देशातलं आहे, पण इथे छान रुळेल. गावाने त्याचं उंदीरमारी हे नाव कुठूनतरी ऐकलं होतं. गाव तेच म्हणू लागलं.

रोपं कमी पडली तेव्हा साहेबांनी फांदीपासून झाड कसं करायचं ते दाखवलं. मनगटाएवढी फांदी घ्यायची. खालचं टोक कोयत्याने तिरकं तासायचं. खड्डा खणून ती उभी रोवायची, माती टाचेने दाबायची आणि भोवती पाण्यासाठी आळं करायचं. बजरंगने हे एकदाच पाहिलं आणि त्याच्या हातांनी ते कायमचं उचललं. मित्रांनो, एवढं लक्षात ठेवा.

खड्डे मी खणले. बजरंगची बायको शालूबाई खालच्या झऱ्यावरून हंड्याने पाणी आणायची. उन्हाळ्यात इतरांनी लावलेली बरीच झाडं मेली. बजरंगची ओळ सबंध जगली. साहेब पुन्हा आले, तेव्हा त्यांनी देवळापुढे सगळ्या गावादेखत बजरंगच्या हातात नारळ दिला. "ही ओळ बघा," ते म्हणाले. "काम असं पाहिजे." मी बजरंगच्या खांद्यावर होते. इतक्या उंचावरून मी पुन्हा कधी कौतुक ऐकलं नाही.

तेव्हापासून त्या झाडांना 'बजरंगची वळ' म्हणतात. वळ म्हणजे ओळ. शिमग्याच्या सुमारास तिची पानं झडतात आणि नागड्या फांद्यांना फिकट गुलाबी फुलं येतात. लोक वाट सांगताना सांगू लागले, "बजरंगच्या वळीपसनं डावीकडं." बजरंगकडे जमीन थोडी, शाळा त्याहून थोडी. पण डोंगरावर एक खूण त्याच्या नावाची होती.

तिसरा घाव. दगड.

थोडी बाजूला सरकते.

पुन्हा तिसरा घाव

मग जेसीबी आला.

लोणावळ्याच्या बाजूने बंगले वर वर चढत आले. पाया, चर, खड्डा, जे खणायचं ते जेसीबी एका सकाळी खणून मोकळा होई. मला कुणी विचारीना. मी गोठ्याच्या कोपऱ्यात उभी. अंगावर गंज चढला. एक कोंबडी माझ्या पात्याला टेकून अंडी घालायची, तेवढाच माझा उपयोग. मी रागावले होते का? मला वाटतं, हो. पण कुणावर, ते ठरलं नाही.

त्या काळात माळावर काय झालं ते मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे. घाणेरी आली. तुम्ही तिला ओळखता. गुलाबी-पिवळ्या फुलांचे गुच्छ, काळी गोड फळं, पान चुरगाळलं की उग्र वास. बुलबुल ती फळं खातात आणि बिया टाकत जातात. आधी ती बांधाला दिसली, मग वाटेला, मग माळभर. तिच्याखाली गवत उगवेना. शालूबाईच्या दावणीला पूर्वी तीन म्हशी होत्या, आता एकच उरली होती, आणि तीही संध्याकाळी पोट खपाटीला गेलेलं आणि अंगावर ओरखडे घेऊन परत यायची. शालूबाई गोठ्यात उभी राहून घाणेरीला शिव्या घालायची. कोपऱ्यात मला वाटायचं, मलाच घालते आहे.

चौथा घाव

बजरंगची सून अनिता नागफणीचा सुळका बघायला येणाऱ्यांना चहा-पोहे करून देते. तिच्या ओट्यावर सगळ्या तऱ्हेची माणसं बसतात. तिथेच एकदा पद्मजाताई बसल्या. त्या लोणावळ्याच्या, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. तिथल्या निसर्ग मंडळाचं काम बघतात. पोहे निवत राहिले आणि दोघी माळाबद्दल बोलत राहिल्या. त्यातून पुढे सगळं जमलं. ग्रामपंचायतीने ठराव केला, वनखात्याने एक माणूस दिला, मंडळाने दर रविवारी माणसं आणायचं कबूल केलं.

"पण ताई, एक सांगते," अनिता म्हणाली. "माळ गावाचा हाय. काय ठेवायचं नि काय काढायचं, ते गाव ठरवणार."

"अगदी मान्य," पद्मजाताई म्हणाल्या. "लिहून देऊ?"

"नको. बोललात ना."

आणि एका रविवारी गोठ्याचं दार उघडलं ते माझ्यासाठी. बजरंगने मला उचललं, कोंबडी ओरडत पळाली. त्याने दगडावर माझं टोक घासलं. मित्रांनो, गंज उतरताना दुखतं. पण बरं वाटतं. दोन्ही एकदम.

माळावर लोणावळ्याची बरीच माणसं आली होती. कोऱ्या हातमोज्यांचे श्रीपाद म्हणून बँकेतले एक गृहस्थ होते. त्यांनी मला मागून घेतलं, डोक्याच्या वर उगारलं आणि घाव घातला तो आपल्याच बुटापासून वीतभर अंतरावर.

"अवो, घाणेरी तिकडं हाय," शालूबाई ओरडली. तिचे गुडघे दुखतात, म्हणून ती खडकावर बसून कामाची देखरेख करत होती. तिला ती कुणी सांगितली नव्हती.

"जिमपेक्षा भारी आहे हे!" श्रीपाद धापा टाकत म्हणाले.

"मग रोज येत जा की. आमची जिम सकाळी शेणापसनं सुरू व्हती."

घाणेरी नुसती कापून चालत नाही; कापली की ती दुप्पट फुटते. मातीखाली जिथे खोड आणि मूळ जुळतात, तिथे तिची मान असते. तिच्या खाली घाव घालायचा, सगळी उचकटायची आणि मुळं वर करून उन्हात उलटी ठेवायची. पद्मजाताईंनी हे सगळ्यांना दाखवलं. बजरंगला एकदाच पाहून जमलं. मला जमायला वेळ लागला. माझ्या आयुष्यात मी खड्डा खणत आले तो काहीतरी आत जावं म्हणून. आता मी खणत होते ते काहीतरी बाहेर यावं म्हणून. माती तीच. हात तेच. घाव तर अगदी तोच.

"ही झाडं आपली नाहीत," पद्मजाताई जमलेल्या मुलांना सांगत होत्या. "परकी आहेत. बाहेरून आली आणि इथल्या गवताच्या ताटात घुसली."

"ताई, मिरचीबी भायरनंच आली म्हन्त्यात," शालूबाई खडकावरून म्हणाली.

"आली ना, मावशी. पण मिरची कुणाच्या ताटात जबरदस्ती घुसत नाही."

"आमच्या म्हाताऱ्याच्या घुसती. डाक्टरनं बंद केलीया तरी."

सगळे हसले. बजरंगही हसला. मी हसले नाही. मला तो लोहार आठवला आणि भाता फिरवणारी त्याची बायको. माझं लोखंड कुठलं? मी कुणाच्या ताटात घुसले होते? विचारायला कुणी नव्हतं. पुढचा घाव पडला आणि मी पुन्हा मातीत गेले.

पाचवा घाव, लाल

थंडीभर काम चाललं. माळाचा निम्मा भाग मोकळा झाला. उपटलेली घाणेरी वाळली आणि गावातल्या चुलींत गेली. मग एक दिवस बजरंग मला खांद्यावर घेऊन वर गेला, तर वळीतल्या पहिल्या झाडाच्या खोडावर लाल रंगाचा पट्टा होता. दुसऱ्यावरही. सगळ्यांवर. खालच्या अंगाला पद्मजाताई आणि वनखात्याचा माणूस उभे होते.

"ह्ये काय?" बजरंगने विचारलं.

पद्मजाताईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बजरंगभाऊ, तुमच्याशी आधीच बोलायला हवं होतं. उतारावर बघा. याच्या शेंगा तडकतात, बिया खाली पडतात. त्या झुडपांत निम्मी याचीच पिलावळ आहे. आपण घाणेरी काढली की मोकळ्या जागेत पहिलं हेच घुसणार."

"साहेबानं लावाय सांगितलं व्हतं."

"हो. तेव्हा तसंच समजत होते सगळे. मीसुद्धा."

"मग आता जे समजताय, त्ये कवा बदलणार?"

वनखात्याच्या माणसाने आपल्या हातातल्या रंगाच्या डब्याकडे पाहिलं. बजरंगचा हात माझ्या दांड्यावर होता. त्या हाताला घाम आला होता, आणि थंडीचे दिवस होते.

गावाची सभा झाली. मी सभेला नव्हते. शालूबाईने म्हशीला सांगितलं ते मी ऐकलं. सभेत अनिता, माळासाठी गावाने नेमलेल्या समितीची सचिव म्हणून, उभी राहिली. गाव ठरवणार, हे तिचंच बोलणं होतं, आणि आता गावाला तिच्याच सासऱ्याची वळ ठरवायची होती. वळ काढायची का, असं तिने विचारलं. हात वर झाले. बजरंगनेही हात वर केला.

"केला खरा," शालूबाई म्हशीला म्हणाली, "पर कोपरापातुरच."

त्याने एवढंच मागितलं: एकदा फुलं येऊन जाऊ द्या, आणि काढीन मीच, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. गावाने मान्य केलं.

शिमग्याला वळ फुलली. आम्ही रोज वर जायचो. काम काही नसायचं. मला खडकाला टेकवून तो नुसता बसायचा.

मग आम्ही ती काढली. मुळांसकट. मी खणलेले खड्डे मीच पुन्हा उघडले. एकेक खोड आडवं झालं, तेव्हा पहिल्या झाडाच्या खोडाचा एक सरळ तुकडा बजरंगने वेगळा काढला, साल सोलली आणि गोठ्याच्या माळ्यावर नेऊन टाकला. कशाला, ते सांगितलं नाही. मला वाटलं, चुलीला. पण चुलीचं लाकूड कुणी सोलून ठेवत नाही.

सहावा घाव, इथे नीट बघा

माळावर गवत यायचं तर पावसाळाभर गुरं आत शिरायला नकोत. कुंपण पाहिजे. खांब कुठून आणायचे, अशी चर्चा निघाली.

"हितं पडल्यात की," बजरंग म्हणाला. वळीच्या ताज्या तोडलेल्या फांद्या तिथे रचलेल्या होत्या. मनगटाएवढ्या.

पद्मजाताईंना ते फार पटलं. काहीच वाया जाणार नव्हतं. खांबांच्या मध्ये काटेरी झुडपं बांधायची आमच्या गावची जुनी रीत. दर वर्षी शेताला असंच कुंपण करतात. झरा ज्या अंगाला आहे तिथली शेवटची घाणेरी त्याच आठवड्यात उपटली होती. ओली होती, पानंसुद्धा अजून हिरवी. ती खांबांना बांधली, मुळांसकट. श्रीपादांनी कुंपणाचा फोटो काढला आणि सगळ्यांना पाठवला. सगळ्यांनी वाहवा केली. गावही खूश, लोणावळाही खूश. दोघांचं एकाच गोष्टीवर इतकं एकमत मी पहिल्यांदाच पाहत होते.

खड्डे मी खणले. बजरंगने प्रत्येक फांदीचं खालचं टोक कोयत्याने तासलं.

तिरकं.

मी पाहिलं ते. खांबाचं टोक तासतातच, नाही का? जमिनीत जावं म्हणून. मी स्वतःला तसंच सांगितलं.

सातवा घाव

श्रावण सरता सरता अनिता एकदा माळावर गेली आणि पोह्यांची कढई चुलीवर तशीच ठेवून धावत गोठ्यात आली. पोहे करपले. तो वास आजही माझ्या दांड्यात... नाही, तो दांडा आता नाही. असो.

कुंपण फुटलं होतं. खांब न् खांब हिरवा झाला होता. प्रत्येकाला उंदीरमारीची पानांची पिसं. मधल्या घाणेरीने ओल्या मातीत खाली मुळं सोडली होती, आणि तिला फुलंही आली होती. आत माळावर गवत होतं, कोवळं, पोटरीएवढं. आणि त्याला चारी बाजूंनी वेढून तीच दोघं उभी होती. पूर्वी बजरंगची एक वळ होती. आता सबंध माळाला बजरंगची वळ.

बातमी लोणावळ्यापर्यंत गेली. फोनवर नको नको ते लिहून आलं. गावाने मुद्दाम केलं. गावाला माळ मोकळा नकोच आहे. कुणी लिहिलं, आमचे रविवार पाण्यात गेले. गावातून उलट गेलं की कुंपणाची वाहवा कोणी केली ते फोटोखाली वाचा. अनिता ते सगळं मोठ्याने वाचत होती आणि वाचता वाचता तिचा आवाज बारीक होत गेला.

"आबा," ती बजरंगला म्हणाली. तो म्हशीला वैरण टाकत होता. "दोन्हीकडनं मी बोलणी खातेय. गावाला जाऊन मी सांगितलं की ही माणसं चांगली हायत. त्यांना सांगितलं की आमचं गाव चांगलं हाय. आता मला खरं सांगा. तुमी त्यो खड्डा खांबाचा खणला का रोपाचा?"

"खांबाचा."

"टोक तिरकं का तासलं?"

"खांबाचं टोक तासत्यात."

"तासत्यात, चारी अंगानं," शालूबाई दारातून म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं. "खिळ्यावानी. तुमी एका अंगानं तासलंत, मी खडकावरनं बगत व्हते."

"आनि आळं?" अनिता म्हणाली. "आबा, मी आत्ता बघून आले. गवतात दडलंय, पर एकेका खांबाभवती आळं हाय. खांबाला पाणी लागतं व्हय?"

बजरंगच्या हातातली वैरण खाली राहिली. म्हशीने मान लांब करून ती घेतली. कोपऱ्यात मी श्वास रोखून होते. कुदळीला श्वास नसतो, तरी होते. त्याचं उत्तर मला अनितापेक्षा जास्त हवं होतं. कारण खड्डे मी खणले होते, आणि मलाच माहीत नव्हतं.

"खणताना खांबाचाच व्हता गं," तो शेवटी म्हणाला. "देवाशपथ. बुजवताना हातानं आपसूक रोपाचा बुजवला. टाचनं माती दाबली, बोटं भवती फिरली. मला कळलं तवा धा-बारा झाले व्हते. मग वाटलं..."

"काय वाटलं?"

"वाटलं, बगू."

अनिता रडेल असं मला वाटलं, ती हसायला लागली, आणि मग खरंच रडली. मित्रांनो, माणसं लबाडी करतात ते मी पाहिलं आहे आणि चुका करतात तेही पाहिलं आहे. हे त्यांतलं कोणतं, ते मला आजही सांगता येत नाही.

आठवा घाव

दुसऱ्या दिवशी उजाडायला बजरंगने मला उचललं. एकटाच वर गेला. पहिल्या खांबाची आधी पानं सरळ केली, जसं कुणी शाळेत जाणाऱ्या पोराचे केस नीट करतं तसं. मग घाव घातला. मानेखाली.

थोड्या वेळाने अनिता कोयता घेऊन आली. मग कण्हत कुथत शालूबाई आली आणि खडकावर बसली. रविवारी पद्मजाताई आल्या. त्या दिवशी मंडळाची बस नव्हती, हातमोजे नव्हते, फोटो नव्हता. त्या एकट्याच रिक्षाने आल्या होत्या.

"बाकीची कुटं गेली?" शालूबाईने विचारलं.

"बाकीचे रागावलेत, मावशी."

"आनि तुमी?"

"मीपण रागावले होते. मग मी घरी बसून तो फोटो मोठा करून पाहिला." त्या वाकून घाणेरीची एक फांदी ओढत होत्या, ती निघेना. "घाणेरी ओली होती हे फोटोत दिसतं. मुळं दिसतात. मी तिथेच उभी आहे फोटोत. टाळ्या वाजवते आहे. मला काय झालं होतं?"

"आमाला जे झालं त्येच," बजरंग म्हणाला. "कुंपण झ्याक दिसत व्हतं."

त्याने घाणेरीखाली माझं पातं सरकवलं, पद्मजाताईंनी वरून ओढलं, आणि ती निघाली. दोघं मागे कलंडले. पुढचं सगळं काम तसंच झालं. तो खणायचा, त्या ओढायच्या, अनिता ते उचलून खडकावर मुळं वर करून ठेवायची, आणि शालूबाई ओळीने सांगायची की कुठलं राहिलं. पुढच्या रविवारी श्रीपाद आले, सरळ कामाला लागले. मग आणखी काही जण आले. सगळे आले नाहीत.

शेवटच्या खांबाला मी दगडावर बसले. कडकन आवाज झाला. लोखंडाला काही झालं नाही. माझा धामणीचा दांडा मोडला. नेढ्यात त्याचा तुकडा अडकून राहिला आणि बाकीचा बजरंगच्या हातात. इतकी वर्षं माझं अर्धं अंग तेच होतं. मला वाटलं, माझी हकिकत इथेच संपली, आणि ती संपायला जागा वाईट नव्हती.

बजरंगने मला घरी आणलं. नेढ्यातला तुकडा ठोकून काढला. मग शिडी लावून गोठ्याच्या माळ्यावर चढला आणि तो सोललेला सरळ तुकडा खाली घेऊन आला. वळीतल्या पहिल्या झाडाचा. आता तो खडखडीत वाळला होता. त्याने तो तासला, घासला, तेल पाजलं आणि माझ्यात बसवला. वरून पाचर ठोकली.

"आता ह्याला फुटवा आला म्हंजे?" शालूबाईने विचारलं.

"आला तर तुला हंडा घेऊन पाणी घालाय लावीन. पहिल्यावानी."

"माझं गुडघं बघा आदी," ती म्हणाली, पण तिने दांड्यावरून एकदा हात फिरवला.

शेवटचा घाव

तर मित्रांनो, मी अशी आहे. माझं लोखंड कुठल्या देशाचं कुणास ठाऊक. माझा दांडा त्या झाडाचा, जे मी आधी लावलं, मग काढलं, मग नकळत पुन्हा लावलं आणि पुन्हा काढलं. मी ज्याच्याशी झगडते तेच माझ्या अंगात आहे. ते मजबूत लाकूड आहे, खोटं कशाला सांगू. घाव पहिल्यापेक्षा चांगला बसतो.

मी परकी आहे का? घाणेरीला तरी ती परकी आहे हे माहीत होतं का? पद्मजाताईंना एकदा अनिताने हेच विचारलं. त्या म्हणाल्या, "कोण कुठून आलं याच्याशी माझं भांडण नाही. दुसऱ्याला जागा ठेवतं की नाही, एवढंच मी बघते." मला ते पटलं. मग त्यांनाच पुन्हा शंका आली आणि त्या म्हणाल्या, "निदान आज तरी मी हेच बघते." मला तेही पटलं.

माळावर यंदा गवत कमरेला लागलं. कुंपण नाही, गावातली माणसं पाळीपाळीने गुरं राखतात, आणि लोणावळ्याची माणसं रविवारी येऊन नवी फूट हुडकतात. घाणेरी पुन्हा येते. बुलबुलांना ठराव माहीत नाही. उंदीरमारीची मुळं कुठेतरी राहिलेली असतात, तीही डोकं वर काढतात. दर वेळी बजरंग वाकतो, क्षणभर थांबतो आणि काढतो. तो थांबतो ते मला दांड्यातून कळतं. शालूबाईची म्हैस संध्याकाळी पोट भरून येते, आणि लोक अजूनही वाट सांगताना सांगतात, "बजरंगच्या वळीपसनं डावीकडं." तिथे आता वळ नाही. कुणी चुकतही नाही.

जुन्या वस्तूंनी शेवटी मुलांना काहीतरी शिकवण द्यायची असते. मी पुष्कळ विचार केला. काय लावा आणि काय काढा, हे सांगायचा मला अधिकार नाही. मी दोन्ही केलं, दोन्ही वेळा शहाण्या माणसांनी सांगितलं म्हणून केलं, आणि एकदा मला नारळही मिळाला. मी एवढंच मागते. तुम्ही कधी जमिनीत खड्डा खणलात, कशासाठीही, तर पुढच्या पावसानंतर तिथे परत जा. वाकून बघा. तुमच्या हातांनी काय केलं ते तुम्हाला तेव्हाच कळेल; हात आधी सांगत नाहीत.

आणि मला कोपऱ्यात ठेवाल तर ओलीत ठेवू नका. गंजाची मला भीती नाही. बजरंग रोज सकाळी माझ्या दांड्यावरून, नेढ्याच्या अगदी खाली, अंगठा फिरवून बघतो. अजून तरी तिथे काही फुटलेलं नाही. तो बघतो, मान हलवतो आणि मला खांद्यावर घेतो. त्याला बरं वाटतं की वाईट वाटतं, ते त्याच्या अंगठ्यावरून मला अजून ओळखता आलेलं नाही.